खालची कडी

आमच्या घराचं दार दिवसाढवळ्या बंद असतं, हे बाबांना कधीच पटलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य लालबागच्या चाळीत गेलं. तिथे सकाळी दूधवाला आला की जे दार उघडायचं ते अंथरुणं पडेपर्यंत उघडंच. दिवसा कुणी दार लावलंच तर शेजारी दोनच अर्थ काढायचे, एक तर मंडळी गावाला गेली, नाही तर घरात भांडण झालंय. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर बाबा रोज दुपारी खुर्ची दारासमोर ओढून बसायचे आणि मला विचारायचे, "दार कित्याक लावलंस गो?" सुरुवातीला मी सांगायचे की इथे सगळेच लावतात. मग त्यांचा विसरण्याचा आजार वाढला आणि माझं उत्तर बदललं. दार उघडं राहिलं तर बाबा निघून जातील, म्हणून लावायचं.

एकदा गेलेही होते. मी आंघोळ करून बाहेर येते तर खुर्ची रिकामी. चार तासांनी कांजूरमार्गहून एका रिक्षावाल्याचा फोन आला. बाबांच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणून. बाबा त्याच्या रिक्षात मागे बसून होते, पायात चप्पल नव्हती आणि मी कोण हे त्यांना लगेच आठवलं नाही. डॉक्टरबाई फार स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, या वेळी नशीब जोरावर होतं, पुढच्या वेळी सापडतीलच असं धरून चालू नका. घरात माणसं दोनच, मी आणि ते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, माझं लग्न टिकलं नाही, आणि विमा कंपनीचं काम मी घरूनच करते. म्हणजे बाबांना राखायचं ते मलाच.

कडी खाली लावायची युक्ती डॉक्टरबाईंचीच. जमिनीपासून वीतभर वर, आडवी सरकणारी साधी कडी. अशा माणसाचा हात जन्मभराच्या सवयीने छातीच्या उंचीला कडी शोधतो, तिथे ती नसली की तो गोंधळतो आणि परत येऊन बसतो. बाबांना तर कमरेतून वाकताही येत नव्हतं. वरचं लॅच मी आत ओढून कायमचं अडकवून ठेवलं होतं, म्हणजे ते लागायचंच नाही, कारण कचरा ठेवायला बाहेर गेले असता बाबांनी एकदा मलाच बाहेर कोंडलं होतं. दिवसा आमच्या घराची सगळी मदार त्या खालच्या कडीवर होती. पहिल्या दिवशी बाबा दारावर तळहात फिरवत कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम.

कुत्रा आला तोही बाबांसाठीच. पार्किंगमध्ये जन्मलेलं गावठी पिल्लू कुणीतरी वर आणून बाबांच्या मांडीवर ठेवलं, आणि बाबा हसले. एवढ्यावर मी त्याला ठेवून घेतलं. वर्षभरात त्याचा चांगला दांडगा कुत्रा झाला. मी कॉलवर बसले की हा भुंकायचा. सोफ्याचा कोपरा खाल्ला, वॉशिंग मशीनची नळी खाल्ली, माझा चष्मा खाल्ला. सोसायटीचं पत्र आलं. शेवटी कुत्र्यांना वळण लावणाऱ्या एक बाई दोनदा घरी येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की कुत्रा वाईट नाही, रिकामा आहे. त्याला मारू नका, काम द्या. दहा मिनिटं त्याचं डोकं चालवलंत तर तासभर हिंडून आल्यासारखा दमून झोपेल. एक गोष्ट निवडायची, तिचे बारीक बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा जमला की लगेच बिस्किटाचा कण द्यायचा, आणि शब्द दर वेळी तोच वापरायचा.

मला हे फार आवडलं. जमलं तर घराला उपयोगी पडेल असंच काही शिकवायचं, असं ठरवलं. शेकहँड आणि गोल फिरणं मला बालिश वाटायचं. पहिल्यांदा 'पट्टा आण' शिकवलं. मग 'चप्पल आण', म्हणजे बाबांची चप्पल, कारण ते सारखे अनवाणी फिरायचे. आणि तिसरं, ज्याचा मला सगळ्यात जास्त गर्व होता, ते 'दार लाव'. कामाच्या मावशी दुपारी एकला जाताना दार हमखास उघडं टाकायच्या. म्हणून मी कुत्र्याला पुढचे दोन्ही पाय दारावर टेकून ते लोटायला शिकवलं. महिनाभर लागला. नंतर तर शब्दही लागेना. दार उघडं दिसलं की हा जाऊन लोटायचा आणि बिस्किटासाठी माझ्यासमोर येऊन बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे मुद्दाम करून दाखवायचे. बाबा खुर्चीत बसून सगळं बघत असायचे, अगदी लक्ष देऊन.

बाबा गिरणीत साच्यांवर होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एकेका खात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून ती माणसं हातांनी बोलायची. धागा तुटला, आडवा धागा नेणारा धोटा अडकला, खात्याचा मुकादम जॉबर येतोय, सगळ्याला खुणा होत्या. ती सवय घरीही यायची. चाळीच्या गॅलरीतून खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या बाबांशी आई तासभर बोलायची आणि एक शब्दही ऐकू यायचा नाही. आईला त्या सगळ्या खुणा येत होत्या. मला येत नव्हत्या, कारण मला त्यांची लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणींसमोर बाबांनी अशी खूण केली की मी दुसरीकडे बघायचे.

आता, इतक्या वर्षांनी, बाबांचे हात पुन्हा हलायला लागले होते. बोलणं कमी कमी होत गेलं आणि हात वाढले. खुर्चीत बसल्या बसल्या उजवा हात मांडीवरून आडवा सरकायचा, पुन्हा मागे यायचा, पुन्हा सरकायचा. कधी मूठ कानापाशी जायची आणि दोनदा खाली यायची. मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, या आजारात हात असा चाळा करतातच, कुणी चादर चिमटतं, कुणी बटणं फिरवतं, तुम्ही हात हातात धरून बसा, शांत होतात. म्हणून मी शेजारी बसले की त्यांचे हात धरून ठेवायचे. ते आधी माझ्या हातांकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग हळूच आपले हात सोडवून घ्यायचे. कुत्रा समोर बसून त्यांच्या हातांवरची नजर हलवायचा नाही. मला वाटायचं, बिस्किट मिळेल या आशेने बसलाय.

त्याच सुमारास मी एकदा दोघांना घेऊन फिरायला गेले आणि मोठा रस्ता ओलांडून मागच्या इंडस्ट्रियल इस्टेटवरून आलो. तिथल्या एका गाळ्यात नाड्या आणि इलॅस्टिकच्या पट्ट्या विणणारी मशिनं आहेत. शटर अर्धं वर होतं आणि आत खडखडाट चालला होता. बाबा थांबले. नुसते थांबले नाहीत, त्यांचं अंग ताठ झालं. आतल्या एका कामगाराने कुत्र्याला खारी टाकली. मी घड्याळ बघितलं. दोनला माझा कॉल होता. बाबांच्या दंडाला धरून मी त्यांना जवळजवळ ओढत घरी आणलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढचे दोन महिने आमच्या घरी इतकी शांतता होती की मी मैत्रिणींना सांगत सुटले होते. दुपारी दोन ते चार माझा रोजचा कॉल. आतल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून मी बसायचे. आधी या दोन तासांत कुत्रा घर डोक्यावर घ्यायचा. आता जरासाही आवाज नाही. चारला मी बाहेर यायचे तेव्हा बाबा खुर्चीत डुलक्या काढत असायचे, कुत्रा त्यांच्या पायाशी आडवा झालेला, आणि बाहेरचं दार बंद. संध्याकाळी बाबा दोन पोळ्या जास्त खायचे. रात्री उठून भटकणं थांबलं होतं. त्या वळण लावणाऱ्या बाईंना मी मेसेज केला, की तुमची पद्धत झकास आहे. डोकं चालवलं की कुत्रा खरंच दमतो.

काही गोष्टी खटकायच्या. कुत्र्याचं पाण्याचं भांडं चारला रिकामं असायचं. त्याच्या पायांना कधी चिखल, कधी कापसाचा तूस. बाबांची चप्पल मी स्टँडवर ठेवलेली असायची ती दारापाशी सापडायची, पण ती तर कुत्रा आणतोच, मीच शिकवलंय. सुरुवातीलाच एकदा बाबा दाराला पाठ लावून जमिनीवर घसरलेले सापडले, मी आणि मावशींनी धरून त्यांना उठवलं. त्यानंतर खालच्या कडीला एके दिवशी लाल धाग्याची बारीक दोरी बांधलेली दिसली. गाठ इतकी घट्ट आणि छोटी की नखाने सुटेना. मला वाटलं मावशींनी नजरेसाठी काही बांधलंय, आणि असल्या गोष्टींवर वाद घालायचा मला कंटाळा येतो, म्हणून मी विचारलं नाही.

एका गोष्टीने मात्र माझी झोप उडवली. मावशी गेल्या की एकला ती कडी मी स्वतः लावायचे. आणि चारला ती उघडी असायची. दार बंद, कडी उघडी. पहिल्यांदा मी स्वतःला शिव्या दिल्या. मग एकला कडी लावताना मोठ्याने म्हणायला लागले, "लावली." चारला बघावं तर उघडी. बाबांना वाकता येत नव्हतं, हे मी रोज त्यांना चप्पल घालताना बघत होते. घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे विसरत होते ती मीच. बाबांचा आजार रक्तातून येतो का, हे मी डॉक्टरबाईंना फोनवर विचारलं. मी गॅस दोनदा तपासायला लागले. मैत्रिणींची नावं मनातल्या मनात म्हणून बघायला लागले. मला बाबांची भीती वाटायची सोडून स्वतःचीच वाटू लागली होती, आणि तीच माझी चूक झाली. मी स्वतःवर पाळत ठेवत बसले.

तो दिवस शुक्रवार होता. कॉल लवकर संपला. सव्वातीनला मी हेडफोन काढला आणि बाहेर दार लोटल्याचा आवाज ऐकला. दोन पाय टेकल्याचा धप्प असा आवाज, मग दार चौकटीला लागल्याचा. मी बाहेर आले. कुत्रा दारापाशी उभा होता, गळ्यात पट्टा, पट्ट्याचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. तो धापा टाकत माझ्यासमोर येऊन बसला आणि बिस्किटाची वाट बघू लागला. खुर्ची रिकामी होती. स्टँडवर चप्पल नव्हती.

मला सगळं त्या एका क्षणात कळलं असं म्हणणं खोटं होईल. मी आधी संडासात बघितलं, मग पलंगाखाली बघितलं, आणि मग दाराकडे येऊन त्या कडीशी गुडघे टेकून बसले. लाल दोरीला दातांच्या खुणा होत्या. ती गाठ मी लहानपणापासून बघत आले होते. तुटलेला धागा जोडायची विणकराची गाठ. बाबा माझ्या फ्रॉकचं बटण तुटलं तरी तीच मारायचे.

खाली धावत गेले. वॉचमन गेटवर खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला पहिल्याच महिन्यात बजावून ठेवलं होतं की बाबा एकटे खाली आले तर अडवायचं आणि मला फोन करायचा. मी त्याच्या अंगावर ओरडले. तो उभा राहिला आणि खरोखरच गोंधळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोललात एकटे आले तर. ते एकटे कुठे होते? कुत्रा असतो ना बरोबर."

"असतो म्हणजे?"

"रोज जातात. दोनला जातात, चारच्या आत येतात. मला वाटलं, तुम्हीच पाठवता."

एकट्या म्हाताऱ्याला कुणीही हटकलं असतं. कुत्र्याला फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला दोन महिन्यांत कुणीच काही विचारलं नव्हतं. पट्टा आणणारा, चप्पल आणणारा, परत आल्यावर दार नीट लावून ठेवणारा कुत्रा मी स्वतः तयार करून दिला होता. बाबांनी त्यात फक्त कडी सरकवणं घातलं होतं. माझं नाव विसरणाऱ्या माणसाने माझ्याच घरात बसून, मी दोन भिंतींपलीकडे असताना, बारीक बारीक तुकडे करून ते शिकवलं होतं. आणि शब्द न वापरता, म्हणून मला काही ऐकू आलं नव्हतं.

कुत्रा माझ्यामागून खाली आला होता आणि गेटपाशी बसून राहिला होता. मी म्हटलं, चल. मी म्हटलं, बाबा कुठे, दाखव. त्याने मान तिरकी केली. मी त्याला तीन शब्द शिकवले होते आणि त्यातला एकही इथे कामाचा नव्हता. मी रडकुंडीला आले होते, आणि का कोण जाणे, माझी मूठ आपोआप कानापाशी गेली. दोनदा खाली ओढली. जी मूठ मी गेले कित्येक महिने धरून मांडीवर दाबून ठेवत होते, तीच. आई गॅलरीतून ही खूण करायची ते मला तेव्हा आठवलं. भोंगा झाला, निघा. कुत्रा ताडकन उठला आणि चालू लागला.

तो मोठ्या रस्त्यावर सिग्नलला थांबला आणि लोक निघाल्यावर निघाला. त्या दिवशी मी त्याच्यामागून नुसती चालत होते. इस्टेटच्या फाटकातला चहावाला आम्हाला बघून म्हणाला की आज चाचा गप्पच होते, चहापण घेतला नाही. पुढे तो गाळा होता. शटर पूर्ण खाली, त्याला कुलूप. त्या दिवशी वीज दुरुस्तीसाठी इस्टेटची ती बाजू बंद होती. मशिनं चालू असली की बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसायचे, हे मला नंतर कामगारांनी सांगितलं. धागा तुटायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं आणि ते बोट दाखवायचे. चारला शेठ यायचे, त्याआधी हे लोक त्यांना उठवून कुत्र्याबरोबर वाटेला लावायचे. त्यांनाही वाटायचं की घरच्यांना माहीत असेल.

आवाज नाही म्हणून बाबा आवाज शोधत मागे गेले होते. मागे माल चढवायचा उंच ओटा आहे, त्याला कठडा नाही. ओट्याच्या खाली, दोन ड्रमच्या मधे, ते कुशीवर पडले होते. एक पाय चुकीच्या बाजूला वळलेला. डोळे उघडे होते. उजवा हात सिमेंटवरून आडवा सरकत होता, मागे येत होता, पुन्हा सरकत होता. साच्याचा खटका असाच आडवा ओढतात. साचा सुरू कर, एवढंच ते कितीतरी महिने म्हणत होते, आधी मला, मी बघत नाही म्हणून मग कुत्र्याला. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले.

"साचे बंद आसत गो."

मी म्हटलं, हो बाबा. त्यांचा हात धरायला माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. अँब्युलन्स येईपर्यंत तो हात सरकत राहिला आणि मी तो सरकू दिला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. आता ते बाहेरच्या खोलीत खाटेवर असतात. खाट मी दारासमोर लावून घेतली आहे. कुठे निघून जायची भीती उरली नाही, म्हणून दार उघडं ठेवायला हरकत नाही. खालची कडी अजून तिथेच आहे, दोरीसकट, आणि दोनच्या आधी मी ती मुद्दाम लावते. बाबांचा हात आता चादरीवरून उचलला जात नाही, फक्त बोटं जराशी हलतात. डॉक्टरबाई परवा म्हणाल्या, चाळा थांबला हे चांगलं झालं. मला राग आला होता, पण तो त्यांचा नव्हता.

दुपारी दोनला मी आता कॉल घेत नाही. खाटेपाशी बसते आणि बाबांना दिसेल असा हात आडवा सरकवते. बाबा बघतात. कुत्रा उठतो, दोरी दातात धरून कडी सरकवतो, मी दार ओढून सताड उघडते. जिन्यातला उजेड बाबांच्या पायांपर्यंत येतो. मग कुत्रा दाराकडे बघतो, पुढचे दोन्ही पाय टेकतो, दार लोटून बंद करतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. बिस्किट द्यायचं मी केव्हाच सोडलंय, पण हे काही तो विसरत नाही.